वाघोबाचा कोंबडा आणि नीलिमाची अंडी

२२ सप्टेंबर १९५३, मंगळवार

पुन्हा अंडी गेली! टोपलीतलं गवत जागच्या जागी, कवचाचा तुकडासुद्धा नाही. आणि लाली कोंबडी माझ्याच तोंडाकडे बघून ओरडतेय — जसं काही मीच नेली!

एरवी एवढा जीव जाळला नसता. पण शुक्रवारी नीलिमा येतेय, बाळंतपणाला. गेल्या वर्षी पहिलं गेलं तिचं, सहाव्या महिन्यात. तेव्हापासून पोरगी हसायची थांबली आहे. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — अंगात रक्त नाही, रोज एक कच्चं अंडं, चुकवायचं नाही. बदलापूरच्या बाजारातलं अंडं कधीचं असतं ते कोंबडीलाही आठवत नसेल. म्हणून तर श्रावणापासून मागच्या दारी खुराडं घातलं. लाली, चितकबरी, आणखी चार जणी आणि तुऱ्या कोंबडा.

काठी दाराआड ठेवली आहे. बघतेच कोण येतं ते.

२५ सप्टेंबर

आली नीलिमा! ह्यांनी कारखान्यातून अर्धी रजा काढून स्टेशनवरून टांग्याने आणली. पोट तेवढं दिसतं, बाकी पोरगी शोधावी लागते. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "आई, तू काळजी करू नकोस गं." हे तिने मला सांगायचं!

लगेच दुधात अंडं फेटून दिलं. म्हणाली, "दुधात नको. नुसतंच फोडून दे. मागच्या दारी बसून घेते, उलटी आली तर घरात घाण नको." रिकामी वाटी घेऊन परत आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या शहाण्यासारखी वागते. बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

चोर सापडला. कावळा! भरदिवसा चितकबरीचं पिल्लू उचललं आणि शेवग्यावर जाऊन बसला. मी काठी घेऊन धावले. तेवढ्यात कौसाआत्या ओट्यावरून किंचाळल्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, आमच्याकडेच असतात. कान गेलेत, पण किंचाळणं शाबूत आहे.

"बनू, हात खाली कर! पितरांचा पंधरवडा हाय! त्यो दादा हाय माझा!"

दादा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

"कशावरून?" मी विचारलं.

"लंगडतोय बघ. डावा पाय. आनी दादाला काय आवडायचं सांग? कोंबडीचं कवळं पिल्लूच ना?"

कावळा खरंच डाव्या पायाने लंगडत होता. आता आली का पंचाईत! हातात काठी आणि समोर सासरे. मी काठी पाठीमागे लपवली आणि डोक्यावर पदर घेतला. मामंजींनी माझ्यादेखत पिल्लू संपवलं. हयात असतानाही असेच होते, ताटावर बसले की कुणाकडे बघायचे नाहीत.

३० सप्टेंबर

मामंजी आज पुन्हा येऊन गेले. दोन पिल्लं.

३ ऑक्टोबर

खुराड्यात हात घातला आणि हाताला गार लागलं. धामण! चांगली माझ्या दंडाएवढी. पोटाशी अंड्याएवढाच उंचवटा. मी अशी काही ओरडले की रस्त्यावरची माणसं गोळा झाली. हे कोयता घेऊन आले. आता होतं काम, म्हटलं.

पण आत्या आडव्या झाल्या. "राखनदार हाय वास्तूचा! मारशील तर वंश—"

सगळ्यांनी नीलिमाच्या पोटाकडे बघितलं. ह्यांनी कोयता खाली ठेवला. मी जमलेल्या माणसांना घरी पाठवलं. बोलायचं होतं खूप.

नंतर मात्र आत्यांना विचारलंच, "राखणदार माझीच अंडी खाऊन राखण कसली करतो?"

"मंग? राखनदाराला पगार नको?"

संध्याकाळी त्यांनी खुराड्यापाशी वाटीभर दूध ठेवलं. म्हणजे अंडी आणि वर दूध. नीलिमाला सुद्धा एवढं मिळत नाही!

७ ऑक्टोबर

हे सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरला गेले. आम्ही अजून कॅम्पच म्हणतो. तिथे बराकीसमोर टेकचंद म्हणून एक सिंधी मिलिटरीचं भंगार विकतो. त्याच्याकडून काटेरी तारेचं मोठं भेंडोळं आणलं.

"टेकचंद बोलला, भाभी को बोलो, ये तार में से गोरा सोल्जर भी भागने को नहीं सका!" हे मोठ्या कौतुकाने सांगत होते.

मी विचारलं, "आणि धामण?"

ते विचारायचं राहिलं होतं.

तरी तार लावली. दिवसभरात तारेत सापडले ते असे — ह्यांचा सदरा, आत्यांच्या लुगड्याचा सोगा, शेजारच्या चांगोची शेळी आणि खुद्द चांगो, शेळी सोडवायला आलेला. धामण दुपारी तारेखालून सरपटत आली, दूध प्यायली की नाही देव जाणे, अंडं घेऊन गेली. कुणी कोयता उचलला नाही.

१० ऑक्टोबर

घट बसले. आत्यांचा हुकूम सुटला, नऊ दिवस घरात अंडं फुटता कामा नये. मी भांडणारच होते. डॉक्टरीणबाईंपेक्षा ह्या शिकलेल्या काय! पण नीलिमाच मध्ये पडली, "आई, मी मागच्या दारीच घेते ना! घरात कुठे फुटतं?"

गोड बोलून तिने दोघींनाही गप्प केलं. मी अंडं आणि वाटी हातात देते, ती शेवग्याखाली जाऊन बसते. तुऱ्या तिच्या पायाशी. कोंबडा इतका कुणाच्या मागे लागलेला मी बघितला नाही! तिच्या गालावर जरा रंगही दिसायला लागला आहे. अंडं ते अंडंच.

१२ ऑक्टोबर

उठल्या उठल्या मुंगसाचं तोंड बघितलं. आत्या म्हणाल्या, मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो. त्याचा गेला. खुराड्यातून तोंड पुसतच बाहेर पडत होतं.

"निदान धामण तरी पळेल," हे म्हणाले. पळाली खरी. पण पगार चालूच राहिला, नोकर तेवढा बदलला.

मी ह्या घरात आता कशावरही काठी उगारू शकत नाही. वर सासरे, खाली राखणदार, मधे शकुन!

२० ऑक्टोबर

आज हसायची वेळ नाही. चांगोचं कुत्रं नाहीसं झालं, आणि आमच्या खुराड्यामागच्या चिखलात पंजा उमटला आहे. चांगला माझ्या तळहाताएवढा. बिबळ्या. पाऊस संपला, गवत वाढलंय, बारवी नदीच्या बाजूने उतरला असणार.

नीलिमा मागच्या दारी एकटी बसते.

नेमका बुधाजी मोळी घेऊन आला होता. डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला, वाघोबाचा भगत. त्याने पंजा बघितला, नमस्कार केला — पंजाला! — आणि म्हणाला, "बाय, तार नको न काठी नको. देवाला कोंबडा बोल. दिवाळीची वाघबारस आलीच जवळ. तवा देऊ."

मी सातवी पास आहे. असल्या गोष्टी ऐकून घेते, मनावर घेत नाही. पण नीलिमा दारात उभी होती, पाय सुजलेले, हात पोटावर. गेल्या वर्षीचा तो दिवस आठवला आणि तोंडातून आपसूक निघालं, "वाघोबा, माझी पोर सुखरूप मोकळी होऊ दे. आणि अंडी राख. तुऱ्या तुझा."

बुधाजीने तुऱ्याला शेंदूर लावला. "आता ह्यो देवाचा. हानायचा नाय, कोंडायचा नाय, शिवी द्यायची नाय. न बारशीपतूर ह्याला जपायचा हां! वाघानं नेला तर नवस मोडला."

म्हणजे वाघापासून वाचायला वाघाला कोंबडा द्यायचा, आणि देईपर्यंत तो वाघापासून वाचवायचा. मी हे पुन्हा वाचून बघितलं. बरोबर लिहिलंय.

२३ ऑक्टोबर

कोंडायचा नाही, म्हणून देव घरात राहतात. ह्यांच्या गादीवर बसतात. ह्यांना उठवायला बोटाला चोच मारतात, आणि हे बिचारे कारखान्यात काड्यापेट्या करून आलेले, "देवाचा आहे" म्हणून चटईवर झोपतात. आत्या सकाळी आंघोळ झाली की आधी तुऱ्याच्या पाया पडतात, मग देव्हाऱ्याच्या.

एक मात्र खरं, बिबळ्या पुन्हा फिरकला नाही. मुंगूसही नाही. मामंजींचा पंधरवडा संपलाच होता. आता अंडीच अंडी!

२५ ऑक्टोबर

अंडी नाहीत.

म्हणजे आहेत, पण फुटलेली. टोपलीत नुसता चिकटा. सकाळी खुराड्याच्या दारातच बसून राहिले. लालीने अंडं घातलं, ओरडली, उठली. मी हात पुढे करणार एवढ्यात तुऱ्या आला, माझ्या हाताखालून मान घातली, टक्‌! — आणि सगळं गट्ट.

चोचीला बलक, डोक्याला शेंदूर. मी चप्पल उचलली.

"बनू!" आत्या. कान गेलेत म्हणे!

चप्पल पायात घातली. नीलिमाला हाक मारून दाखवलं, "बघ, बघ तुझ्या लाडक्याचे धंदे!" तिने बघितलं आणि आत निघून गेली. वाईट वाटलं असेल तिला. लळा लागला होता.

२६ ऑक्टोबर

ह्यांची युक्ती. अंड्याला भोक पाडायचं, आतला बलक काढायचा, लाल तिखट भरायचं. एकदा तोंड पोळलं की देव काय नि कोंबडा काय, जन्मात अंड्याचं नाव घेणार नाही.

तुऱ्याने अंडं फोडलं. तिखट खाल्लं. कवचही खाल्लं. मग आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि पंख झाडले! सगळं तिखट उडालं. मी, हे, आत्या, चांगो, चांगोची शेळी, सगळे शिंकतोय. तुऱ्या सोडून.

आणि नीलिमा हसली! आधी तोंडावर पदर धरून, मग पोट धरून, मग ओट्यावर बसून. "आई, पुरे! दुखतंय गं!" वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं तिचं हसणं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सगळ्यांना वाटलं तिखटामुळे.

२८ ऑक्टोबर

आता माझी युक्ती. नदीवरचा अंड्यासारखा गुळगुळीत गोटा आणला, चुना फासला, टोपलीत ठेवला. मार चोच! मारली. चोच आपटली. दुसऱ्यांदा वाटेला गेला नाही. मी जिंकले!

दुपारी बघते तर गोट्याला हळदकुंकू. आत्या म्हणाल्या, "देवाची चोच अडली मंजी त्यात कायतरी हाय."

खुराड्यात आता देव दोन. आणि गोट्याला वाटेत पाय लागेल म्हणून खऱ्या अंड्यांची टोपली आत्यांनी बाहेर ठेवली. तुऱ्यासमोर.

२९ ऑक्टोबर

तुऱ्याच्या आधी हात पोचला तर अंडं माझं, नाहीतर त्याचं. दिवसभर आम्ही दोघे खुराड्यासमोर शेजारी शेजारी बसून असतो. लाली बिचारी आमच्याकडे बघून अंडं घालायलाच लाजते. चुलीवर भात करपला.

पण एक अंडं मिळवलं! मांजरासारखी झडप घातली, गुडघा फुटला. नीलिमाच्या हातात दिलं तेव्हा म्हणाली, "आई, कशाला गं एवढं?" कशाला म्हणजे? ती गेली मागच्या दारी. मी गुडघ्याला हळद लावत बसले.

बारस होईपर्यंत तेवढी कळ काढायची. मग बघते तुऱ्याकडे. कालवणाचा मसाला आत्ताच भाजून ठेवला आहे. देव मला क्षमा करो, पण वाटायला घेतला की अजून राग येतो.

३ नोव्हेंबर, मंगळवार — वाघबारस

काय झालं ते लिहिते.

सकाळीच निघालो. बुधाजी पुढे, हे तुऱ्याला कडेवर घेऊन, मागे मी आणि अर्धा गाव. वाघोबा म्हणजे ऐनाच्या झाडाखालची पाटी, लाकडात कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य. बुधाजीने जागा सारवली, तांदळाची रास मांडली, तुऱ्याला रासेपुढे सोडला. रीत अशी की कोंबड्याने तांदूळ टिपले तर देवाला मान्य. मगच सुरी.

तुऱ्याने तांदळाकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग माझ्याकडे.

"टिप रं, टिप," बुधाजी.

नाही. दुसरी रास मांडली. नाही. बायकांनी नवस आठवून आठवून तांदूळ टाकले. तुऱ्या खाली बसला आणि डोळे मिटले.

मला कळत होतं! सकाळच्या घाईत खुराड्याकडे कुणी बघितलं नव्हतं. गळ्याची पिशवी टम्म फुगलेली, सगळ्या कोंबड्यांची अंडी आत. ह्याला कशाची भूक? पण तिथे कशी बोलू! देवाचा कोंबडा उपाशी ठेवायचा तो अंडी खाऊन आणला म्हणून सगळ्यांनी मलाच फाडून खाल्लं असतं.

बुधाजीने सुरी पुसून ठेवली. "देव घेत नाय. का ते त्यालाच ठावं. पुढल्या बारशीला बघू. तवर ह्यो देवाचाच."

आणखी एक वर्ष! वाटेत चांगो हळूच म्हणाला, "वयनी, मसाला आमाला देता का?"

४ नोव्हेंबर

काल चांगोवर हसले असेन. आज हसू येत नाही. देवाने घेतला नाही. नाही म्हणजे नाहीच ना? सातवी पास बाई रात्रभर हाच विचार करत होती. नवस बोललेच नसते तर बरं झालं असतं. बोलून परत आलेला नवस घेऊन मी काय करू?

नीलिमाला कुणी काही सांगायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. आत्यांनी सांगितलं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. काहीतरी बोलेलसं वाटलं. मग नुसता माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला.

७ नोव्हेंबर

कळा.

८ नोव्हेंबर, भाऊबीज

मुलगी! सकाळी, सुईण पाणी उतरवते न उतरवते तोच. गोरी नाही, काळी नाही, लाल आहे, आणि आत्यांसारखी किंचाळते. नीलिमा बरी आहे. बरी आहे! दोनदा लिहिते. ह्यांना मी आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं, आज तुऱ्याला मिठी मारून रडत होते. तुऱ्याने चोचही मारली नाही.

सुईण म्हणाली, "पोरीला रगत चांगलं हाय." मी म्हटलं, असणारच! एकेक अंडं कुणाकुणाच्या तोंडातून काढून आणलंय, विचार मला!

९ नोव्हेंबर

बुधाजी येऊन गेला. बाळ बघितलं, तुऱ्याकडे बघितलं, डोकं खाजवलं. "कोंबडा नाय घेतला न पावला मातर पुरता! काय घेतलं त्यानं मंग?" मला काय ठाऊक! चहा दिला.

१२ नोव्हेंबर

आज पाचवी. नीलिमापुढे अंड्याची वाटी ठेवली तर ती रडायलाच लागली. मग तिने सांगितलं, गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं तेव्हा तिच्या हातात अंड्याचीच वाटी होती. त्या दिवसापासून घशाखाली उतरत नाही.

"एकही नाही गं आई. एकही नाही. रोज तुऱ्यालाच पाजलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू एकेका अंड्यासाठी आजोबांशी भांडत होतीस, सापाशी, वाघाशी... कसं सांगणार?"

बाळ उठलं, म्हणून पुढचं बोलणं राहिलं. मी वाटी उचलली आणि मागच्या दारी गेले. तुऱ्या शेवग्याखाली उभाच होता. डोक्यावर पदर घेतला आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.